मेंदूतील रक्तस्राव : ऑक्सिजन किती हवा?

कोरोनाच्या लाटांनी महाराष्ट्रातल्या घराघरांत एक नवा आकडा पोहोचवला. तोवर फक्त ताप मोजणारी माणसे बोटाला चिमटा लावून ‘ऑक्सिजन किती?’ असे एकमेकांना विचारू लागली. ९८ आला की जीव भांड्यात पडायचा, ९० आला की खाटेसाठी फोनाफोनी सुरू व्हायची. साथ ओसरली, चिमटे कपाटात गेले; पण त्या दिवसांनी मनावर कोरलेला एक समज मात्र मागे राहिला. ऑक्सिजन म्हणजे जीव, आणि तो जितका जास्त तितका बरा.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा समज रोज भेटतो. मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. पहिल्या दिवशी यंत्रावर ऑक्सिजनचे प्रमाण ८० टक्के होते, आज डॉक्टरांनी ते ४० टक्क्यांवर आणले. काचेतून पाहणाऱ्या मुलाला ते दिसते आणि त्याच्या पोटात गोळा येतो. आशा सोडली की काय? पैशांचा प्रश्न आहे की काय? खरे तर बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. ती चांगली का, आणि गंभीर रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन नेमका किती असावा, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला अजूनही पुरते सापडलेले नाही. जेवढे सापडले आहे, तेवढे मात्र नातेवाईकांना ठाऊक असायला हवे.

पक्षाघाताचे दोन मोठे प्रकार. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बुजते, दुसऱ्यात ती फुटते. बुजण्याचे प्रमाण जास्त. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी लोकसंख्येवर आधारित पाहणी केली, तेव्हा पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्या दर शंभर रुग्णांमागे साधारण अठरा जणांना रक्तस्राव झालेला आढळला. प्रमाण कमी असले तरी हा प्रकार जास्त घातक. मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्के पहिल्या महिन्यातच दगावतात, असे जगभरातल्या अभ्यासांची बेरीज सांगते. बहुतेकांच्या मागे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब असतो. रक्तस्रावाचा आणखी एक प्रकार म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली होणारा. तो बहुधा रक्तवाहिनीला आलेला बारीक फुगा फुटल्याने होतो. त्यात ‘आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी’ एका क्षणात सुरू होते.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्के तो एकटा फस्त करतो. साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. रक्त पूर्ण थांबले तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात. त्यामुळे रक्तस्राव झाल्यावर पहिली लढाई ऑक्सिजन कमी पडू न देण्याचीच असते, याबद्दल कुणाचेही दुमत नाही.

आणि तो कमी पडण्याची कारणे एक नाहीत. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासाचा मार्ग अडतो. उलटी होते आणि ती छातीत उतरते. मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रावर दाब आला तर श्वास अनियमित होतो. आवरणाखालच्या मोठ्या रक्तस्रावात फुप्फुसांत अचानक पाणीही भरू शकते. फुप्फुस मुळात निरोगी असतानाही. त्यात कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्ताचा गोळा झाला की दाब वाढतो, आणि हृदयाकडून येणाऱ्या रक्ताला त्या दाबाविरुद्ध वर चढावे लागते. अशा वेळी रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या तो भरून काढण्यासाठी रुंदावतात. त्यांतले रक्त वाढते, आणि बंद डब्यातला दाब आणखी चढतो. ऑक्सिजनची टंचाई अशी दुहेरी मार देते. म्हणूनच बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवण्याचा निर्णय डॉक्टर कधी कधी इतक्या तातडीने घेतात की, नातेवाईकांना समजावून सांगायलाही वेळ उरत नाही.

इथपर्यंत सरळ आहे. गुंता सुरू होतो तो नळी घातल्यानंतर.

व्हेंटिलेटरवर ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांपासून, म्हणजे साध्या हवेइतक्यापासून, १०० टक्क्यांपर्यंत कितीही ठेवता येते. नळी घालताना ते पूर्ण शंभर असते आणि ते योग्यच. पुढे सीटी स्कॅनला नेताना शंभर, परत आणताना शंभर, नळीतला कफ ओढण्यापूर्वी पुन्हा काही मिनिटे शंभर. या धावपळीत ते खाली आणायचे राहून गेले, तर कोणतीही घंटा वाजत नाही. बोटावरचा चिमटा शंभर दाखवत राहतो आणि सगळे निर्धास्त असतात.

इथे या चिमट्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. जपानमधल्या निहोन कोडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली हे तंत्र जगापुढे मांडले. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातून आरपार जाणारा प्रकाश थोडा बदलतो, त्यावरून रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे हे कळते. शोध इतका उपयोगी की आज त्याशिवाय भूल देण्याची कल्पनाही करवत नाही. एप्रिल २०२० मध्ये आओयागी वारले, तेव्हा अवघे जग त्यांच्याच यंत्राकडे डोळे लावून बसले होते.

पण हा चिमटा ‘किती टक्के जागा भरल्या’ एवढेच सांगतो. एसटीच्या सगळ्या आसनांवर माणसे बसली, की आसने शंभर टक्के भरली. त्यानंतर उभ्याने दहा जण आहेत की चाळीस, हे आसने मोजून कळत नाही. रक्ताचेही तसेच. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब रक्तदाबासारखाच मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. निरोगी माणसात तो ८० ते १०० असतो, आणि तेवढ्यावर हिमोग्लोबिन जवळपास भरलेले असते. दाब ६० वर आला की चिमटा ९० दाखवतो आणि तिथून खाली घसरण वेगाने होते. वरच्या बाजूला मात्र दाब १५० असो, ३०० असो की ४५०, चिमट्यावर आकडा एकच, शंभर. खरा दाब कळायला धमनीतून, बहुधा मनगटातून, रक्त काढून एबीजी नावाची तपासणी करावी लागते. अतिदक्षता विभागात दिवसातून अनेकदा ‘रक्त काढले’ जाते त्यातले काही यासाठी असते.

खालच्या बाजूलाही चिमटा नेहमी खरे बोलतो असे नाही. हात गार पडलेले असतील, रक्तदाब कोसळलेला असेल, नखांना मेंदी किंवा गडद रंग असेल तर तो चुकतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातली पातळी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. यंत्र गोऱ्या कातडीवर जास्त पारखले गेले, त्याचा हा परिणाम. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मग शंभराच्या पुढचा, ‘उभ्याने’ प्रवास करणारा ऑक्सिजन मेंदूच्या उपयोगी पडतो का? हिशोब करून पाहावा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरून ठेवते. हिमोग्लोबिन १५ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर ऑक्सिजन त्याच्यावर स्वार असतो. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन दाब १०० असताना फक्त ०.३ मिलिलिटर. दाब चौपट करून ४०० वर नेला तरी तो होतो १.२ मिलिलिटर. म्हणजे इतका खटाटोप करून विसावर एक मिलिलिटरसुद्धा वाढत नाही.

आणि त्याची किंमत मोजावी लागते. सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४८ साली निरोगी तरुणांना जवळपास शुद्ध ऑक्सिजन हुंगायला देऊन त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. तो सुमारे १३ टक्क्यांनी घटला होता. ऑक्सिजन भरपूर आहे असे दिसताच मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात. माल चार-पाच टक्क्यांनी वाढला आणि गाड्या तेरा टक्क्यांनी कमी झाल्या, असा हा व्यवहार. मेंदूत बसवलेल्या सूक्ष्म तारेने मोजले तर तिथला ऑक्सिजनचा दाब वाढलेला दिसतो हेही खरे. पण दाब वाढणे वेगळे आणि घायाळ पेशीने तो ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणे वेगळे.

याच गणितात दुसरीकडे एक मोठा आकडा लपलेला आहे, ज्याकडे आपल्याकडे सर्रास काणाडोळा होतो. हिमोग्लोबिन १५ ऐवजी ८ असेल तर रक्तातला ऑक्सिजन २० वरून थेट ११ च्या आसपास येतो. चिमटा तरीही ९८ दाखवतो, कारण आसने निम्मी असली तरी भरलेली असतात. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तिथे व्हेंटिलेटरची कळ फिरवण्यापेक्षा हा आकडा किती तरी महत्त्वाचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रेन’ नावाच्या चाचणीत मेंदूला गंभीर इजा झालेल्या ८५० रुग्णांपैकी निम्म्यांना हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेल्यावर रक्त दिले, तर उरलेल्यांना ७ च्या खाली गेल्यावर. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व पहिल्या गटात ६२.६ टक्के होते, दुसऱ्यात ७२.६ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत, आवरणाखालच्या रक्तस्रावाच्या रुग्णांत, फरक इतका स्पष्ट नव्हता. तरीही मेंदूच्या रुग्णात रक्त कधी द्यायचे, हा विचार त्यानंतर बदलू लागला आहे.

ऑक्सिजनचा अतिरेक बाधतो ही शंका ऑक्सिजनइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ साली भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मातून हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती झगझगीत जळते हे पाहून, माणूसही यात असाच झरझर जळून जाईल की काय, अशी शंका त्यांनी पुढच्याच वर्षी लिहून ठेवली. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवले की, मोठ्या दाबाखालचा ऑक्सिजन प्राण्यांच्या मेंदूला बाधून झटके आणतो. १८९९ मध्ये जेम्स लोरेन स्मिथ यांनी त्याने फुप्फुसे सुजतात हे सिद्ध केले. तरी धडा मिळायला विसावे शतक उजाडावे लागले आणि तो फार महाग पडला. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाऊ लागला. बाळे जगली, पण त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बिघडल्या. कारण समजेपर्यंत सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली होती. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवले ते ऑक्सिजनकडे, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. ज्या रुग्णालयांत पैसा आणि यंत्रे जास्त होती, तिथेच जास्त मुले आंधळी झाली होती.

मोठ्या माणसांकडे हा प्रश्न वळला तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २०१० मध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ६,३२६ अमेरिकी रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांच्या धमनीतला ऑक्सिजनचा दाब ३०० किंवा जास्त होता, त्यांतले ६३ टक्के रुग्णालयात दगावले. योग्य पातळी असलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. धक्कादायक भाग पुढेच आहे : ऑक्सिजन कमी पडलेल्यांत ते ५७ टक्के होते. म्हणजे ज्यांना फार मिळाला, त्यांची गत ज्यांना कमी मिळाला त्यांच्याहूनही वाईट.

मग मेंदूच्या रुग्णांकडे लक्ष गेले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच सुमारे २,९०० व्हेंटिलेटरवरच्या पक्षाघाताच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत दहापैकी आठ रक्तस्रावाचे होते. पहिल्या चोवीस तासांत ऑक्सिजनचा दाब ३०० वर गेलेल्यांत मृत्यू जास्त आढळले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयातून आवरणाखालच्या रक्तस्रावाच्या अडीचशे रुग्णांचा अभ्यास आला. इथे तर दाब १७३ च्या वर असलेल्यांतही नंतरच्या दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा आकसणे आणि वाईट शेवट जास्त दिसला.

एवढे वाचून ‘ऑक्सिजन विष आहे’ असा मथळा देता येईल. पण फिनलंडच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये स्वतःच्या देशातले आकडे तपासले आणि चित्र धूसर झाले. मेंदूत रक्तस्राव झालेले, अतिदक्षता विभागात दाखल असे सुमारे एक हजार रुग्ण त्यांनी पाहिले. दाब १५० च्या वर असलेल्यांत मृत्यू जास्त आहेत का, हे तपासताना रुग्णाचे वय, रक्तस्रावाचा आकार, बेशुद्धीची खोली हे सगळे जमेला धरले. ते धरल्यावर ऑक्सिजन आणि सहा महिन्यांतले मृत्यू यांचा स्वतंत्र संबंध उरला नाही. कुओपिओ शहरातल्या, आवरणाखालच्या रक्तस्रावाच्या चारशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासानेही त्याच वर्षी तेच सांगितले.

दोन्ही बाजूंचे अभ्यास प्रामाणिक असताना असे का व्हावे? कारण या सगळ्या पाहण्या मागे वळून जुन्या नोंदी चाळणाऱ्या आहेत. आजारी माणसालाच जास्त ऑक्सिजन दिला जातो. ज्याची अवस्था सर्वांत बिकट, त्याच्या यंत्रावर शंभर टक्के लावले जातात आणि तोच दगावण्याची शक्यताही जास्त. अग्निशमन दलाच्या गाड्या जास्त आल्या तिथे नुकसानही जास्त दिसते, म्हणून आग गाड्यांनी लावली असे कुणी म्हणत नाही. हा गोंधळ आकडेशास्त्राने बराचसा दूर करता येतो, पूर्ण नाही. शिवाय अमेरिकी अभ्यासांतली ३०० ची रेषा आणि फिनलंडची १५० ची रेषा यांत मोठे अंतर आहे. थोडासा जास्त ऑक्सिजन सोसतो आणि फार जास्त बाधतो, असे मानले तर दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. तूर्त बहुतेक तज्ज्ञ याच बाजूला झुकलेले आहेत.

खात्रीचा मार्ग एकच. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला जास्त द्यायचा, दुसऱ्याला बेताचा. इटलीतल्या मोदेना शहरात अतिदक्षता विभागातल्या ४८० रुग्णांवर हे झाले आणि २०१६ मध्ये निकाल आला : बेताच्या गटात ११.६ टक्के मृत्यू, सढळ गटात २०.२. मात्र चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली होती, कारण २०१२ च्या भूकंपाने त्या भागाची घडीच विस्कटली आणि रुग्ण मिळेनासे झाले. अर्धवट थांबलेल्या चाचणीत फरक फुगून दिसतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने २५ चाचण्यांतल्या १६,००० रुग्णांची बेरीज मांडली, तिचा कलही सढळ ऑक्सिजनच्या विरोधातच होता. मग ब्रिटनने कंबर कसली. व्हेंटिलेटरवरच्या तब्बल साडेसोळा हजार रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. चिमट्यावरचा आकडा मुद्दाम ९० च्या आसपास ठेवलेल्या गटात आणि नेहमीसारखा ऑक्सिजन दिलेल्या गटात नव्वद दिवसांचे मृत्यू जवळपास सारखे होते. सरसकट सगळ्यांना कमी देऊनही फायदा नाही, असा त्याचा अर्थ. त्याआधी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एक हजार रुग्णांच्या चाचणीत मेंदूच्या आजाराचे जे थोडे रुग्ण होते, त्यांचे आकडे तर कमी ऑक्सिजनच्या विरोधात झुकलेले दिसले. अर्थात संख्या इतकी लहान की त्यावरून काही ठरवता येत नाही. पण घायाळ मेंदूच्या बाबतीत हात आखडता घेतानाही जपून, एवढा इशारा त्यातून मिळतो.

व्हेंटिलेटरवर नसलेल्या, शुद्धीत असलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांबद्दल मात्र चित्र स्वच्छ आहे. ब्रिटनमधल्या १३६ रुग्णालयांतल्या ८,००३ रुग्णांवरची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पातळी कमी नसताना नाकाला नळी लावून तीन दिवस किंवा तीन रात्री ऑक्सिजन दिला, तरी तीन महिन्यांनंतर अपंगत्वात काहीही फरक पडला नाही. ‘निदान ऑक्सिजन तरी लावा’ हा आग्रह आपल्याकडच्या वॉर्डांत रोज ऐकू येतो. पातळी ९४ च्या वर असेल तर त्या नळीचा उपयोग नातेवाईकांच्या समाधानापुरताच.

मग आज डॉक्टर करतात काय? युरोपातल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मेंदूला इजा झालेल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी सल्ला दिला, तो असा : धमनीतला ऑक्सिजनचा दाब ८० ते १२० च्या दरम्यान ठेवा. वाक्य साधे, पण त्यात वरचे सगळे वाद सामावले आहेत. खाली ८० ची रेषा, कारण मेंदूच्या रुग्णात ६० पर्यंत उतरण्याचा धोका पत्करायचा नाही. वर १२० ची रेषा, कारण त्यापुढे फायदा दिसत नाही आणि तोट्याची शंका आहे. मेंदूच्या रुग्णांच्या नोंदींचा आलेखही साधारण असाच निघतो. दोन्ही टोकांना मृत्यू चढलेले आणि मध्ये खोलगट.

या आकड्याच्या जोडीला आणखी एक आकडा असतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. त्याबद्दल फारसे बोलले जात नाही, पण मेंदूच्या रक्तवाहिन्या ऑक्सिजनपेक्षा त्यालाच जास्त भितात. तो घटला की त्या झटकन आखडतात. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना रबरी फुग्याने, म्हणजे अंबू बॅगने, श्वास दिला जातो. घाबरलेल्या हाताने तो फुगा भराभर दाबला की चिमट्यावर शंभर दिसत असतानाच कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा आटतो. चार-पाच सेकंदांना एकदा, शांतपणे, इतकेच पुरते. काही गर्दीच्या रुग्णालयांत हा फुगा नातेवाईकांच्याच हाती सोपवला जातो. तसे करावे लागणे हेच दुर्दैव. निदान वेग तरी कुणी सांगायला हवा.

ऑक्सिजनचे माप नेमके ठेवल्याने रक्तस्रावाचा रुग्ण वाचतोच असे नाही. रक्ताचा गोळा किती मोठा, तो कुठे आहे, वय काय, रुग्ण आला तेव्हा किती शुद्धीत होता, यावरच बरेचसे ठरलेले असते. पण उरलेले जे हातात आहे, ते एकट्या ऑक्सिजनचे नाही. २०२३ मध्ये भारतासह दहा देशांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवर ‘इंटरॅक्ट-३’ ही चाचणी झाली. त्यात नवे औषध नव्हते, महाग यंत्र नव्हते. तासाभरात वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणणे, साखर आणि ताप ताब्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा उतारा देणे, एवढे सगळे ठरवून एकत्र केले. सहा महिन्यांनी मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घटले. जिल्हा रुग्णालयातही जमेल असा हा कार्यक्रम आहे.

घरी कुणाचा चेहरा वाकडा झाला, हात गळाला, बोलणे अडखळले, किंवा डोक्यात वीज पडावी तशी वेदना उठून उलटी झाली, तर १०८ ला फोन करावा आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी छातीत जाणार नाही. तोंडात पाणी, साखर, गोळी काहीही घालू नये; कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मिनिटे घालवू नयेत. कोरोनात घेतलेला ऑक्सिजनचा सिलिंडर घरी असला, तरी तो शोधत बसण्यापेक्षा सीटी स्कॅन असलेले जवळचे रुग्णालय गाठणे महत्त्वाचे. रक्तवाहिनी बुजली की फुटली हे फक्त स्कॅनमध्ये कळते, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

आणि रुग्ण आत गेल्यावर, दिवसातून एकदा डॉक्टर भेटतात त्या पाच मिनिटांत ‘ऑक्सिजन वाढवला का?’ याऐवजी दुसरे प्रश्न विचारता येतील. आजच्या एबीजीमध्ये ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब किती होता? हिमोग्लोबिन किती आहे? रक्तदाब किती ठेवला आहे? स्कॅनमध्ये गोळा वाढला का? चांगल्या विभागात हे चारही आकडे रुग्णाच्या पलंगापाशी लावलेल्या तक्त्यावर लिहिलेले असतात. ऑक्सिजनच्या रकान्यात ८० चे ६०, ६० चे ४० होत गेलेले दिसले आणि शेजारी एबीजीचा आकडा नव्वद-शंभराच्या घरात स्थिर असला, तर फुप्फुसे आपले काम सांभाळू लागली आहेत आणि यंत्राची गरज हळूहळू कमी होते आहे, असे समजायचे.